गोठ्यापेक्षा मोठे गाढव

सन १८७४, जानेवारीची सहा तारीख, मंगळवार. थंडीचे दिवस. भात झोडून कणगीत गेले होते, वालाच्या शेंगा भरत आल्या होत्या, सकाळी विहिरीच्या पाण्यावर वाफ दिसत होती. त्या दिवशी बोरभाटच्या देवळात एक गाढव हरवले. आज तिथे जे उभे आहे ते त्यामुळे उभे आहे.

बाहेरचे लोक चर्च म्हणतात. वसईकडचे जुने ख्रिस्ती देऊळच म्हणतात, आणि बोरभाट हे त्यांचेच खाडीकाठचे गाव. देवळात शिरले की डाव्या हाताला भिंतीत कोनाडा आहे. कोनाड्यात पितळेची डबी, डबीत अर्धी सुपारी. त्या अर्ध्या सुपारीत येशूजन्माचा गोठा आहे. शेजारी दोरीला भिंग बांधले आहे. भिंग धरले की बाळ दिसते, मारिया दिसते, योसेफ, तीन राजे, दोन मेंढपाळ, देवदूत, बैल, उंट, मेंढी. सगळे तांदळाच्या कणीएवढे. मोजले तर बारा भरतात.

तेरावे कोनाड्याखाली जमिनीवर आहे. ते गाढव. फणसाच्या लाकडाचे, माणसाच्या गुडघ्याएवढे उंच. पोटाला भेग आहे. एक कान दुसऱ्यापेक्षा चार बोटे लांब. त्याच्या एका खुराखाली असे दोन गोठे चिरडतील.

पाहुणे आधी भिंगातून पाहतात, मग खाली पाहतात, मग हसतात. हसू द्यावे. हसून झाले की विचारतात, आणि विचारले की सांगावे लागते.

कैतान घोसाल हा शिडाचे मचवे बांधणारा सुतार. उंच, रुंद, आणि हात असे की म्हणे पंजा उघडला तर वर सोललेला नारळ ठेवून दुसऱ्या हाताने फोडत असे. त्याने केलेली लहानात लहान वस्तू म्हणजे एक पाळणा, आणि त्यातही दोन पोरे झोपली असती. लिहिता येत नव्हते. बोलणे थोडे. जे बोलला ते मागे घेत नसे. हा गुण होता की खोड, यावर बोरभाटात दोन मते आहेत.

थोरला भाऊ मिंगेल. त्याची केळीची आणि भाजीची वाडी. बाप मेल्यावर दोघांची वाटणी झाली. पंच आले, दोरी धरली. अंगणाच्या मधोमध बापाने लावलेला फणस होता. दोरी फणसाच्या अलीकडून गेली, चार बोटांनी. झाड मिंगेलकडे गेले. कैतान म्हणाला, दोरी सैल होती. मिंगेल म्हणाला, दोरी ताठ होती, डोळे वाकडे होते. शब्दाला शब्द लागला. दुसऱ्या दिवशी मध्ये बांबूचे कुंपण उभे राहिले आणि दोघांचे बोलणे बंद झाले.

बोलणे बंद म्हणजे एकमेकांशी बंद. एरवी दोघेही मोठ्याने बोलत. मिंगेल आपल्या म्हशीशी बोले. कैतानच्या अंगणात वाटणीनंतर एकच झाड उरले होते, एक पोफळ. तो तिच्याशी बोले. गावाला सगळे कळत असे.

वाटणीला तीन आठवडे झाले असतील. ऑक्टोबर १८५५. कैतानची बायको ब्रिजित दोन दिवस कळा देत होती. सुईण बाहेर आली, हात पुसले आणि म्हणाली, "माझ्याने होते ते झाले. आता वरच्याला सांग."

कैतान अंगणात गेला. गुडघे टेकले. मोठ्याने बोलला, कारण हळू बोलायला तो शिकलाच नव्हता.

"बाळ येशू, दोन्ही जीव वाचव. माझ्या अंगणातल्या झाडाचा तुला गोठा करून वाहीन. माणसे, राजे, देवदूत, जनावरे मिळून तेरा. एक कमी करणार नाही."

घटकाभरात पोरगी रडली. आई वाचली. पोरीचे नाव रेजीन ठेवले. नवस सुईणीने ऐकला, शेजाऱ्यांनी ऐकला आणि कुंपणापलीकडे मिंगेलने ऐकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कैतान करवत घेऊन बाहेर आला. फणसाची कोणती फांदी घ्यावी ते त्याने रात्रीच ठरवले होते. चार पावले चालला आणि कुंपणाला आपटला.

जन्मभर त्या झाडाला आपले म्हटलेला माणूस. घाबरल्या तोंडी 'माझ्या अंगणातले झाड' म्हणताना त्याच्या डोळ्यांपुढे फणस होता. देवाने ऐकला तो नवस मात्र पोफळीचा होता. आणि पोफळीचे खोड आतून भुसा. ते उभे चिरले तर पाण्याचा पन्हळ होतो. गोठा होत नाही. गावाला लाकूड ओळखायला शिकवणाऱ्या सुताराला हे कुणी सांगायला नको होते.

पलीकडे मिंगेल म्हशीला पाणी दाखवत होता. म्हणाला, "चंपे, कुणाला फणसाची फांदी हवी असेल तर तोंड उघडावे. आम्ही काय नाही म्हणतो? पण मागायला पाहिजे."

कैतान पोफळीला म्हणाला, "ऐकलेस? मागायला लावतो. मागेन तर घोसाल नव्हे."

मिंगेलही घोसालच होता. पण त्या वेळी ते बोलून दाखवायला कुणी गेले नाही.

ब्रिजित अंथरुणावरून म्हणाली, "अहो, वखारीतून सागाचा तुकडा आणा. देव काय झाड मोजायला येतो?"

"अंगणातल्या झाडाचा म्हणालो."

"मग अंगणात नवा फणस लावा."

"लाकूड व्हायला वीस वर्षे. देवाने वीस वर्षे थांबायचे?"

ब्रिजितने हे वाक्य जपून ठेवले. पुढे ती दर वर्षी एकदा ते त्याला ऐकवत असे.

पाद्री साल्वादोर नुकतेच गोव्याहून आले होते. तरुण होते, दयाळू होते. त्यांनी कैतानला समजावले, की संकटात केलेला नवस देव मनाने ऐकतो, लाकूड कुठलेही चालेल.

"पाद्रीबाबा," कैतान म्हणाला, "देव दयाळू आहे म्हणून मी लबाड व्हायचे का?"

कैतान घरी आला, पोफळीखाली उभा राहिला आणि वर पाहिले. वर सुपाऱ्या होत्या.

पहिल्या वर्षी झाडावरची एकही सुपारी घरात खायला आली नाही. सगळ्या फुटल्या. सुपारी लोखंडासारखी कडक आणि काचेसारखी ठिसूळ. मचव्याच्या फळीत पाच इंची खिळा एका घावात बसवणारा हात तिच्यावर पडला की कोपऱ्यात फक्त चुरा राही. दुसऱ्या वर्षी कैतानने हत्यारे बदलली. मचव्याचे खिळे घासून घासून सुईसारखे केले. बाभळीचे काटे घेतले. पापलेटाचा काटा घेतला. खारीच्या शेपटीच्या तीन केसांचा कुंचला केला. तिसऱ्या वर्षी त्याला कळले, की हत्यार चुकत नाही, श्वास चुकतो. छाती हलली की हात हलतो.

तेव्हापासून त्याची रीत ठरली. सकाळी दारातून ऊन आत येई ते घोंगडीच्या काठापर्यंत पोचले की बसायचे. मनात एक आवे मारिया, मारियेची लहानशी प्रार्थना, म्हणायची. ती म्हणून होईतो श्वास धरायचा आणि तेवढ्यात एक कोर घ्यायची. एकच. मग श्वास सोडायचा, जपमाळेचा एक मणी पुढे सरकवायचा. माळेत त्रेपन्न आवे मारिया. त्रेपन्न कोरी झाल्या की हत्यार खाली. चोपन्नावी कोर त्याने कधी घेतली नाही, अगदी मेंढीचे शेपूट अर्धे राहिले तरी नाही. मग उठून मचव्याच्या कामाला जायचे. रविवारी सुट्टी.

काही वर्षांनी पाद्रीबाबा घरी आले. कुंपणाकडून आले म्हणून दोन्ही घरांनी ते पाहिले.

"कैतान, संध्याकाळच्या प्रार्थनेला तू दिसत नाहीस. लोक बोलतात."

"माझी सकाळी होते."

"काय होते?"

"बसा," कैतान म्हणाला. "पण श्वास तिकडे टाका."

पाद्रीबाबा भिंतीकडे तोंड करून, मान वळवून तासभर बसले. शेवटी काळ्या फडक्यावर पिठाच्या कणाएवढे काही पडलेले दिसले.

"हे काय?"

"मेंढीचा कान. कालपर्यंत जास्त होता."

पाद्रीबाबांनी त्या रविवारी देवळात सांगितले म्हणे, की मीही रोज त्रेपन्न आवे मारिया म्हणतो, पण त्यातल्या निम्म्या जेवणाच्या विचारात जातात. कैतानची एकही जात नाही. अशा माणसाला संध्याकाळी का आला नाहीस म्हणून कुणी विचारू नये. लोकांनी विचारणे थांबवले. कैतानला त्यात आपले कौतुक झाले हे कळले नाही. पाद्रीबाबांच्या जेवणाची आबाळ होते असे त्याला वाटले आणि त्याने ब्रिजितला कालवण पाठवायला सांगितले.

काम सरळ पुढे गेले असे नाही. चौथ्या वर्षी एका राजाला कीड लागली. सुपारीतली कीड. बाहेरून राजा साबूत होता, मुकुट होता, हातात पेटी होती. उचलला तर पोकळ. त्याची भुकटी झाली. कैतानने दुसरा राजा घेतला, सात महिने.

सहाव्या वर्षी त्याहून वाईट झाले. ब्रिजितची मावशी कार्मू पाहुणी आली. तिला जेवणावर पान लागे. तिने फळीवरची वाटी पाहिली, त्यात सुपारीचे चार तुकडे पाहिले आणि एक पानात घातला. थोडे चावून झाल्यावर म्हणाली, "ब्रिजित, तुमची सुपारी फार बारीक कातरलेली असते गो."

तो संत योसेफ होता.

कैतान बाहेर जाऊन पोफळीजवळ उभा राहिला. पलीकडे मिंगेलला हसू आवरेना. त्याने म्हशीच्या पाठीत तोंड खुपसले. कार्मू मावशी पापकबुलीला गेली. पाद्री साल्वादोरांनी पुस्तके चाळली, पण संत खाल्ल्याचे प्रायश्चित्त त्यांत नव्हते. शेवटी त्यांनी तिचे पान एक वर्ष बंद केले. म्हातारीने वर्षभर तंबाखू चघळून काढले आणि योसेफाला रोज शिव्या दिल्या, नंतर माफीही मागितली.

घरात वारा चालत नसे. दार ढकलायचे नाही, उचलून लावायचे. चादर घरात झटकायची नाही. कोंबड्या विकल्या. शिंक आली की ज्याला आली त्याने पळत अंगणात जाऊन कुंपणापलीकडे शिंकायचे. रेजीन चालायला लागली तशी ही पळापळही शिकली. मिंगेल म्हशीला म्हणायचा, "चंपे, वाटणीत शिंकासुद्धा आपल्याच वाट्याला आल्या." ती पहिली चंपी नव्हती, तिची नात होती. नाव तेच ठेवले होते.

अशी सतरा वर्षे गेली. बारा मूर्ती गोठ्यात बसल्या. उरले गाढव. गाढव त्याने शेवटी ठेवले, कारण पाय चार, कान दोन आणि तेही लांब. मोहरीच्या दाण्याएवढे गाढव. त्याला चौदा महिने लागले. तोवर कैतानचे डोळे गेलेच होते. मचव्याची फळी दिसे, खिळ्याचे टोक दिसत नसे. शेवटचे महिने रेजीन शेजारी बसून सांगायची, "बाबा, जरा डावीकडे. आता खाली. थांबा, तो पाय आहे." आवे मारिया दोघे मिळून मनात म्हणत. श्वासही दोघे मिळून धरत.

घाईचे कारणही होते. रेजीनचे लग्न ठरले होते. मुलगा शेजारच्या वडभाटचा, नाव जासिंत, आगबोटीवर खलाशी. लग्न बुधवारी, चौदा जानेवारीला. सोळाला त्याची बोट सुटणार, तीन वर्षांसाठी. आणि त्या भागात रीत अशी, की नवसाने वाचलेले मूल नवस फिटल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही. फिटला नाही आणि पाठवले, तर देवाचे देणे पोरीच्या पदराला जाते. हे कैतान मानत होता, वडभाटचे लोक त्याहून जास्त मानत होते. म्हणून गोठा सहा तारखेला, तीन राजांच्या सणाला, देवळात वाहायचा ठरला.

गाढव रविवारी, चार तारखेला पूर्ण झाले. रविवारी हत्यार धरलेला कैतानच्या आयुष्यातला तो एकच दिवस. लगेच डिंकाने जागेवर बसवले. थंडीत डिंक सुकायला चार दिवस लागतात. दोनच होते.

मंगळवारी सकाळी देऊळ भरले. पाद्री साल्वादोर आता म्हातारे झाले होते. त्यांनी डबी वेदीसमोर चौरंगावर ठेवली, भिंगाने पाहिले, बोटाने हवेत मोजले, आणि मान हलवली. तेरा. कैतानने अठरा वर्षांत पहिल्यांदा चारचौघांत पूर्ण श्वास घेतला.

मग दर्शनाला रांग लागली. पहिला मान देवळाच्या कारभाऱ्याचा. कारभारी त्या वर्षी मिंगेल होता.

मिंगेल पुढे आला. त्याला तपकिरीची सवय होती, ती गावाला माहीत होती. देवळात येताना त्याने डबी घरी ठेवली होती म्हणे. पण नाक काही घरी ठेवता येत नाही. तो वाकला, भिंग धरले. बाळ पाहिले, मारिया पाहिली, राजे पाहिले. मग मेंढपाळांवर आला आणि तिथेच थांबला.

एका मेंढपाळाचे नाक बसके होते. दोघा भावांचा बाप तरुणपणी ताडावरून पडला होता, तेव्हापासून त्याचे नाक तसे बसले होते. तोच कपाळावरचा उंचवटा, तशीच खांद्यावर काठी. तांदळाच्या कणीत बाप उभा होता. मिंगेलने त्याला वीस वर्षांत पाहिले नव्हते.

त्याचे डोळे भरले. डोळे भरले की नाकही भरते. त्याने ते आवरायला म्हणून लांब श्वास आत ओढला.

ती शिंक वडभाटला ऐकू गेली असे सांगतात. ते खरे नसेल. पण चौरंगावरच्या दोन्ही मेणबत्त्या विझल्या, हे खरे.

पाद्रीबाबांनी भिंग घेतले. पाहिले. पुन्हा पाहिले. "बारा," ते म्हणाले.

"कोण गेले?" कैतानने विचारले.

"गाढव."

दारे लावली. कुणी पाऊल उचलायचे नाही असे ठरले. सगळे गाव जिथे होते तिथेच गुडघ्यांवर आले, आणि त्या दिवशी बोरभाटात जितकी माणसे गुडघ्यांवर होती तितकी पुन्हा कधी झाली नाहीत. बायकांनी लुगड्यांचे सोगे पांढऱ्या चादरीवर झटकले. म्हाताऱ्यांच्या दाढ्या फणीने विंचरल्या. धूळ हाताने गोळा करून पिठाच्या चाळणीने चाळली. जे जे सापडले ते पाद्रीबाबांपुढे आले आणि ते एकेक भिंगाखाली धरून सांगत होते.

"ही मोहरी आहे."

"ही पण मोहरी."

"हा मुंगळ्याचा पाय."

"हे... नाही. हे गाढव नाही."

चार वर्षांपूर्वी हरवलेला एका बाईच्या कुडीचा मोती सापडला. एक मुंगी काहीतरी घेऊन चालली होती. दोन शहाणी माणसे तिच्या मागे रांगत रांगत वेदीच्या मागे गेली आणि तासाने तिने ते बिळाशी टाकले तेव्हा तो भाताचा तूस निघाला. दुपार झाली. दारे उघडावी लागली. गाढव मिळाले नाही.

जासिंतची आई फिलूबाय पाहुण्यांत होती. ताठ बाई. ती कैतानसमोर आली. "व्याही, राग धरू नका. तेरा म्हणाला होतात. पोरगी चांगली आहे, पण गाढव आल्याशिवाय नवरी घेणार नाही."

"बरोबर आहे," कैतान म्हणाला.

रेजीन मागे उभी होती. ती रडली नाही. जासिंत तिच्याकडे पाहत होता आणि मनात सोळा तारीख मोजत होता. नव्या गाढवाला चौदा महिने. हातात आठ दिवस. आणि खिळ्याचे टोक न दिसणारे डोळे. कैतान घरी आला, ऊन नसताना घोंगडीवर बसला आणि हातात नुसती माळ धरून राहिला. ब्रिजितने त्या वर्षीचे वाक्य ऐकवले नाही.

बुधवारी सकाळी अंगणात खडखडाट झाला. कैतान बाहेर आला. मिंगेल कुंपण उपटत होता. एकटाच, साठीचा माणूस, धोतर खोचून. एकेक बांबू ओढायचा, खांद्यावर टाकायचा आणि फणसाच्या पलीकडे नेऊन रोवायचा. म्हैस बाजूला बांधलेली होती, पण तिच्याशी तो बोलत नव्हता. दोन तासांत कुंपण हलले. फणस कैतानच्या अंगणात आला. त्याबरोबर आठ हात जमीनही आली.

मग मिंगेलने कोयता काढला, फणसाखाली आला आणि खालच्या जाड फांदीवर पहिला घाव घातला.

"माझ्या झाडाला हात लावणारा तू कोण?" कैतान ओरडला.

अठरा वर्षांतले ते पहिले सरळ बोलणे. ब्रिजित दारात आली. पलीकडून मिंगेलची बायको आली. गल्लीतली माणसेही आली.

मिंगेलने कोयता खाली केला. "मग तू काप."

"कोयत्याने फणस कापतात का? करवत आण."

"करवत तुझ्या घरात आहे."

कैतान आत गेला आणि करवत घेऊन आला. एक टोक त्याने धरले. दुसरे हवेत राहिले. मग मिंगेलने धरले.

रविवार सोडून सहा दिवस दोघे अंगणात काम करत होते. लाकूड ओले होते. ओल्या फणसात कुणी शहाणा मूर्ती करत नाही, ती पुढे तडकते. कैतानला ते माहीत होते. डोळ्यांना बारीक दिसत नव्हते, म्हणून जेवढे हाताला लागेल तेवढे मोठे केले. रीत मात्र सोडली नाही. एक आवे मारिया, एक घाव, रोज त्रेपन्न. घाव आता मचव्याच्या मापाचे होते, त्यामुळे काम भरभर गेले. मिंगेल धरून बसायचा आणि हळू आवाजात जप करायचा. चौथ्या दिवशी त्याने पटाशी मागितली. कैतानने विचार केला आणि डावा कान त्याला दिला. मिंगेलने तो जन्मभर केळी तोडलेल्या हाताने कोरला. सरळ करता करता कान लांबतच गेला. कैतानने पाहिले, अंगठा फिरवला, आणि तसाच ठेवला.

"हे जनावर गाढवच आहे ना?" एक जण कुंपणावरून म्हणाला. "कान पाहून ससा वाटतो."

"शिंकेन," मिंगेल म्हणाला. तो माणूस घरी गेला.

बुधवारी, चौदा तारखेला, पहाटेची मिस्साप्रार्थना सुटायच्या वेळी दोघे देवळात आले. गाढव मिंगेलच्या खांद्यावर होते. पाद्री साल्वादोरांनी त्याच्याकडे पाहिले, मग डबीकडे पाहिले, मग पुन्हा त्याच्याकडे.

"कैतान, हे आत कसे मावणार?"

"नवसात तेरा म्हणालो होतो. माप म्हणालो नव्हतो."

"झाड?"

"माझ्या अंगणातले. सगळ्या गावाने पाहिले."

पाद्रीबाबांनी नवस ऐकणाऱ्या सुईणीला विचारले. ती आता फार म्हातारी होती, पण तिला शब्द न् शब्द आठवत होता. माप नव्हते. पाद्रीबाबांनी फिलूबायला पुढे बोलावले आणि भिंग तिच्या हातात दिले. मोजा म्हणाले. तिने वाकून, ओठ हलवत, सावकाश बारा मोजले. मग भिंग बाजूला ठेवले आणि खाली पाहिले.

"याला भिंग लागत नाही," ती म्हणाली. "तेरा. जासिंत, अंगठी काढ."

त्याच दिवशी लग्न लागले. सोळा तारखेला जासिंतची बोट सुटली. रेजीन वडभाटला नांदली. उन्हाळ्यात गाढवाच्या पोटाला भेग गेली, ती कुणी बुजवली नाही. लहान गाढव पुढे कधी सापडले नाही. दोघे भाऊ त्यानंतर बोलू लागले का, असे पाहुणे हमखास विचारतात. बोलले असे कुणी सांगत नाही. न बोलले असेही सांगत नाही. कुंपण जिथे हलवले तिथेच राहिले.

आजही सणाआधी देऊळ धुवायला काढतात तेव्हा गाढव बाहेर ओट्यावर ठेवतात, आणि पोरे त्यावर बसतात. आजही सहा जानेवारीला ते आत न्यायचे असते. ते मिंगेलच्या घरच्यानेच न्यायचे, खांद्यावर, कितीही जड लागले तरी. कैतानच्या घरचा माणूस डबी घेऊन पुढे चालतो. कोनाड्याखाली तो जागा दाखवतो. दुसरा ते गाढव खाली ठेवतो.

देणे फिटते.